टीव्हीला इंटरनेट जोडताना: कोणत्या क्रमाने काय करावे आणि नेमके कुठे चुकते

टीव्हीवर इंटरनेट चालत नाही अशी तक्रार ज्या घरांतून येते, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी टीव्ही धडधाकट असतो आणि इंटरनेटचे बिलही भरलेले असते. चुकलेला असतो तो क्रम. दिवाळीच्या सवलतीत स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून त्यावर इंटरनेटची ॲप चालवणारे छोटे उपकरण, आधी घरी येते, ती लावायला टीव्हीला योग्य पोर्ट, म्हणजे खाच, आहे की नाही हे नंतर पाहिले जाते, आणि राउटरचा सिग्नल टीव्हीच्या खोलीत पोहोचतो का हा प्रश्न सगळे जोडून झाल्यावर, चित्र अडखळू लागल्यावर पडतो. तोपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत संपत आलेली असते.

पुढील टप्पे म्हणूनच गरजेपासून सुरू होतात आणि खरेदी बरीच नंतर येते. प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन-तीन टप्पे एकदम उरकले आणि शेवटी काही चालले नाही, तर दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

## टप्पा १: टीव्हीवर काय पाहायचे आहे ते आधी ठरवा

टीव्हीवर इंटरनेट हवे असे म्हणताना लोकांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे यूट्यूब, मालिका, चित्रपट, क्रिकेटचे सामने, भजन-कीर्तनाचे थेट प्रक्षेपण. ही सगळी कामे ॲपमधून होतात आणि त्यांसाठी रिमोट पुरतो. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष वेबपाने उघडणे: महाभूलेखवर सातबारा पाहणे, दहावीचा निकाल सगळ्यांनी मिळून पाहणे, एखाद्या योजनेचा अर्ज मोठ्या अक्षरांत वाचणे, मुलांचा ऑनलाइन वर्ग मोठ्या पडद्यावर घेणे. या कामांना टाइप करावे लागते, पान वरखाली सरकवावे लागते, कधी फाइल उतरवून घ्यावी लागते.

हा फरक न ओळखल्यामुळे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही ही गुगलची प्रणाली असलेल्या संचावर क्रोम ब्राउझर आधीपासून असेल असे लोक गृहीत धरतात, पण तो तेथे नसतो. टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये शोधला तरी मिळत नाही. सॅमसंगच्या टायझन आणि एलजीच्या वेबओएस या प्रणालींवर कंपनीचा स्वतःचा ब्राउझर असतो, आणि ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकवर सिल्क नावाचा ब्राउझर चालतो. हे तिन्ही बातम्या वाचायला ठीक आहेत, मात्र रिमोटच्या बाणांनी अर्ज भरायला बसणे म्हणजे शिक्षा आहे.

माझे मत स्पष्ट आहे. व्हिडिओ पाहायचे असतील तर स्मार्ट टीव्ही किंवा स्टिक घ्यावी. वेबपानांचे काम असेल आणि घरात कसलाही चालू लॅपटॉप असेल, तर चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी, काहीशे रुपयांची एचडीएमआय केबल पुरेशी आहे, आणि ती जोडण्याची पद्धत टप्पा ७ मध्ये दिली आहे.

## टप्पा २: टीव्हीची मागची बाजू टॉर्च लावून पाहा

टीव्ही भिंतीवर असेल तर बाजूने मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून फोटो काढावा. मान वाकडी करून अंदाज बांधण्यापेक्षा हा मार्ग बरा. फोटोत तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

एचडीएमआय पोर्ट चपटे असते आणि त्याचे खालचे दोन्ही कोपरे तिरपे कापलेले असतात. शेजारी एचडीएमआय १, एचडीएमआय २ असे छापलेले असते. एखाद्यावर एआरसी असेही लिहिलेले असेल, तर ते पोर्ट साउंडबारसाठी राखून ठेवावे. निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले पोर्ट व्हीजीए असते. त्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही.

यूएसबी पोर्ट दिसले म्हणून टीव्ही स्मार्ट आहे असे समजू नये. साध्या एलईडी टीव्हीलाही पेन ड्राइव्हवरची गाणी लावण्यासाठी यूएसबी असते. स्मार्ट टीव्हीची खूण रिमोटवर सापडते: घराचे चित्र असलेले बटण, आणि ते दाबल्यावर सेटिंग्जमध्ये दिसणारा नेटवर्कचा विभाग.

तिसरी गोष्ट म्हणजे पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल रंगांच्या गोल खाचा. जुन्या, मागे फुगीर असलेल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला बहुधा एवढ्याच असतात. त्यावरही यूट्यूब दिसू शकते, पण मध्ये एक कन्व्हर्टर लावावा लागतो आणि बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. वेबपानांसाठी असा टीव्ही उपयोगाचा नाही.

सावधान: केबल किंवा डिशचा सेट-टॉप बॉक्स हाही एचडीएमआयनेच जोडलेला असतो. टीव्हीला एकच एचडीएमआय पोर्ट असेल तर स्टिक लावण्यासाठी रोज केबल काढ-घाल करू नये, कारण त्याने पोर्ट सैल होते. दोन साधने एका पोर्टवर चालवणारा एचडीएमआय स्विच मिळतो, तो घ्यावा. दुकानात स्प्लिटर मागू नये. स्प्लिटर एकाच साधनाचे चित्र दोन टीव्हींवर पाठवतो, म्हणजे नेमके उलटे काम करतो.

तपासणी: मोकळे एचडीएमआय पोर्ट कोणत्या क्रमांकाचे आहे हे कागदावर लिहिलेले आहे का? टीव्हीची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये स्टिक मावेल एवढी जागा आहे का?

## टप्पा ३: टीव्हीच्या जागी सिग्नल मोजा

राउटरशेजारी उभे राहून वेग मोजण्यात काही अर्थ नाही. टीव्ही जेथे आहे तेथे, टीव्हीच्या मागच्या बाजूला मोबाइल धरून, खोलीचे दार लावून वेग मोजावा, आणि तोही रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, कारण त्या वेळी आख्खी इमारत इंटरनेट वापरत असते. मोजण्यापूर्वी मोबाइलचा डेटा बंद करावा, नाहीतर वाय-फायऐवजी सिम कार्डाचाच वेग मोजला जातो.

किती वेग पुरतो? नेटफ्लिक्सने स्वतः दिलेल्या शिफारशीनुसार ७२० पी म्हणजे साध्या एचडी चित्रासाठी ३ एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजण्याचे एकक), १०८० पी म्हणजे फुल एचडीसाठी ५, आणि त्याहून बारकाईच्या ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस लागतात. घरात त्याच वेळी दोन-तीन मोबाइल चालू असतात हे लक्षात घेऊन या आकड्यांच्या दुप्पट वेग मिळत असेल तर निश्चिंत राहावे. शंभर-दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही चित्र अडखळते याचे कारण बहुतेक वेळा प्लॅनमध्ये नसून भिंतींत असते.

घरातले वाय-फाय बहुधा दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालते. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतींतून तुलनेने सहज पार होतो, पण त्याचा वेग कमी असतो आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची त्यात गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, परंतु एक-दोन भिंतींनंतर क्षीण होतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यातल्या दगडी भिंती मध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झचा आग्रह सोडावा. फ्लॅटमध्ये टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर मात्र ५ गिगाहर्ट्झच निवडावा.

सिग्नल कमी पडत असेल तर पैसे खर्च करण्याआधी राउटरची जागा पाहावी. तो लोखंडी कपाटावर, शोकेसच्या आत, इन्व्हर्टरशेजारी किंवा टीव्हीच्या अगदी पाठीमागे ठेवलेला असतो, आणि यांतली प्रत्येक जागा वाईट आहे. छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी, घराच्या मध्याजवळ त्याची जागा असावी. फायबरची बारीक पांढरी वायर मात्र स्वतः ओढू नये. ती तीव्र कोनात वाकली तर आतली काच तुटू शकते. राउटर हलवायचा असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवावे, किंवा फायबरचा डबा आहे तेथेच ठेवून त्यापासून दुसऱ्या राउटरपर्यंत साधी लॅन केबल न्यावी.

शक्य असेल तर लॅन केबल थेट टीव्हीपर्यंत नेणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. येथे एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते: अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपुरतेच असते, त्यामुळे ३०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही वेगचाचणीत नव्वदीच्या घरातला आकडा दिसतो. केबल खराब आहे असे समजून ती काढू नये. ४के चित्राच्या गरजेच्या कितीतरी पट वेग त्यात आहे, आणि तो स्थिर आहे.

### घरात वाय-फाय नसेल आणि मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर

आधी हिशोब करावा. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार एचडी चित्र तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत, ४के चित्र ७ जीबीपर्यंत आणि साधे चित्र १ जीबीपर्यंत डेटा वापरते. रोज दीड किंवा दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर एचडी चित्र तासभरही चालत नाही, आणि डेटा संपल्यावर वेग इतका घसरतो की टीव्ही बिघडला असे वाटते. हॉटस्पॉट हा अधूनमधूनचा मार्ग आहे. घरात रोज दोन तास टीव्ही पाहिला जात असेल तर फायबर किंवा ५जीवर चालणारी घरगुती जोडणी घेणे परवडते.

तपासणी: टीव्हीच्या जागी, रात्रीच्या वेळी, तीनदा मोजलेल्या वेगांपैकी सर्वांत कमी वेग तुमच्या गरजेपेक्षा जास्त आहे का? उत्तर नाही असे असेल तर खरेदी थांबवावी. नवा टीव्ही किंवा महागडी स्टिक हा दोष दूर करणार नाही.

## टप्पा ४: आता साधन निवडा

टीव्ही स्मार्ट असेल आणि हवी ती ॲप त्यावर चालत असतील तर काहीच विकत घेऊ नये. टीव्ही स्मार्ट आहे पण जुना आहे, अशा घरांची अडचण वेगळी असते. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे उत्तम चालतो, त्यातले सॉफ्टवेअर मात्र कंपनी चार-पाच वर्षांनी सोडून देते. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरून नेटफ्लिक्स बंद झाले ते याच कारणाने. सप्टेंबर २०२१ मध्ये इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हाही ज्या उपकरणांना अपडेट मिळत नव्हते त्यांच्या ब्राउझरवर अनेक पाने असुरक्षित म्हणून अडवली जाऊ लागली. अशा टीव्हीला स्टिक लावावी आणि त्याचा उपयोग केवळ पडदा म्हणून करावा. टीव्ही टाकून देण्याची गरज नाही.

स्टिक घेताना टीव्ही ४के नसेल तर ४के स्टिकसाठी जादा पैसे देण्यात लाभ थोडा आहे. टीव्ही ४के असेल तर स्टिक ज्या पोर्टला लावायची ते एचडीसीपी २.२ (४के चित्राची नक्कल रोखणारी सुरक्षा-पद्धत) चालवणारे आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. काही टीव्हींत एकाच पोर्टला ती सोय असते, आणि दुसऱ्या पोर्टला लावल्यास ४के चित्र येत नाही.

सावधान: बाजारात आणि ऑनलाइन, हजारो चॅनेल फुकट असे सांगून विकले जाणारे नाव-गाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स घेऊ नयेत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा बॉक्सांबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यांतल्या अनेकांमध्ये विक्रीपूर्वीच घातक सॉफ्टवेअर भरलेले असते, आणि ग्राहकाचे घरगुती इंटरनेट त्याच्या नकळत गुन्हेगारांच्या कामी वापरले जाते. गुगलचे प्रमाणपत्र नसल्यामुळे अशा बॉक्सवर बऱ्याच ॲपमध्ये एचडी चित्रही मिळत नाही. वाचलेले हजार रुपये या धोक्याच्या मोबदल्यात फार थोडे आहेत.

### पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी कन्व्हर्टर

येथे बरेच लोक उलटी वस्तू घेऊन येतात. बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या डब्या मिळतात. एक एचडीएमआयचे चित्र एव्हीमध्ये, म्हणजे तीन रंगीत खाचांच्या जुन्या पद्धतीत, बदलते, दुसरी एव्हीचे चित्र एचडीएमआयमध्ये. तुम्हाला पहिली हवी आहे. डबीवरचे नाव वाचून समाधान मानू नये, तिच्या कडा पाहाव्यात: एचडीएमआय खाचेशेजारी इनपुट आणि तीन रंगीत खाचांशेजारी आउटपुट असे छापलेले असले पाहिजे. डबीच्या बाजूला पाल आणि एनटीएससी (रंगीत चित्र पाठवण्याच्या दोन जुन्या पद्धती) असे लिहिलेले एक बारीक बटण असते. भारतातल्या टीव्हीसाठी ते पालवर सरकवावे. ते एनटीएससीवर राहिले तर अनेक जुन्या टीव्हींवर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली पळते, आणि लोक डबी खराब म्हणून परत करतात. या डबीला वीजही लागते, तिची यूएसबी वायर लावायला विसरू नये.

## टप्पा ५: जोडणी आणि वीज

टीव्ही बंद करून, त्याचा प्लग काढून, मग स्टिक लावावी. स्टिकसोबत एक वीतभरही नसलेली एचडीएमआयची जोडवायर येते. ती फालतू समजून खोक्यात ठेवली जाते. ती आवर्जून वापरावी. तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीपासून थोडी दूर लटकते, तिला वाय-फाय नीट मिळते, आणि पोर्टवर ताणही येत नाही.

स्टिकला वीज तिच्या सोबतच्या ॲडॅप्टरनेच द्यावी. टीव्हीचे यूएसबी पोर्ट जवळ आहे म्हणून वायर तेथे खोचणे ही फार प्रचलित चूक आहे. साधारण यूएसबी २.० पोर्ट अर्धा ॲम्पिअर विद्युतप्रवाह देते आणि बहुतेक स्टिकना एक ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त लागतो. सुरुवातीला चित्र येते, मेनू दिसतो, सगळे ठीक वाटते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी व्हिडिओ ऐन रंगात आला की स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. शिवाय टीव्ही बंद केला की अशा स्टिकची वीज तुटते, त्यामुळे रात्री होणारे अपडेट अर्धवट राहतात.

मग टीव्ही सुरू करून रिमोटवरील सोर्स किंवा इनपुटच्या बटणाने, टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेले पोर्ट निवडावे. पडदा काळा राहिला तर घाबरू नये. पहिल्या वेळी स्टिक सुरू व्हायला एक-दोन मिनिटे लागतात. चित्र आले, पण मेनूच्या कडा पडद्याबाहेर कापल्या जात असतील, तर दोष टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये आहे. तेथे स्क्रीन फिट, जस्ट स्कॅन किंवा अशाच नावाचा पर्याय निवडावा.

तपासणी: मेनू स्वच्छ दिसतो, आवाज येतो आणि स्टिक अर्धा तास सलग चालू राहते. हे जमल्यावरच नेटवर्ककडे वळावे.

## टप्पा ६: वाय-फाय आणि खाते

नव्या गुगल टीव्हीवर पहिल्या सुरुवातीलाच एक प्रश्न येतो: गुगल टीव्ही हवा की साधा, म्हणजे बेसिक टीव्ही. दुकानातला किंवा भिंतीवर टीव्ही लावायला आलेला माणूस वेळ वाचवण्यासाठी कधीकधी बेसिक निवडून जातो, आणि घरचे लोक ॲप कुठे गेली म्हणून शोधत राहतात. तसे झाले असेल तर सेटिंग्जमधून गुगल टीव्हीची मांडणी पुन्हा सुरू करता येते.

नेटवर्कच्या यादीत आपल्या वाय-फायचे नाव निवडून पासवर्ड द्यावा. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर निवडताना चुका फार होतात. लहान आणि मोठे अक्षर, शून्य आणि ओ, एक आणि एल यांच्याकडे लक्ष द्यावे, आणि पासवर्ड दाखवा हा पर्याय असेल तर तो आधी निवडावा. येथे घाई केल्याने जेवढा वेळ जातो तेवढा दुसरीकडे कुठेही जात नाही.

यादीत आपले नावच दिसत नसेल तर कारण बहुधा पुढील तिन्हींपैकी एक असते. टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो आणि राउटर किंवा हॉटस्पॉट ५ वर चालू आहे. अँड्रॉइड मोबाइलवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो, आयफोनवर मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी हा पर्याय सुरू करावा लागतो. दुसरे कारण, राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा-पद्धतीवर ठेवलेली आहे आणि जुना टीव्ही ती ओळखत नाही. अशा वेळी आधीच्या डब्ल्यूपीए२ चाही समावेश असलेला मिश्र पर्याय ठेवावा, सुरक्षा काढून वाय-फाय उघडे मात्र ठेवू नये. तिसरे, वाय-फायचे नाव लपवलेले आहे.

वाय-फाय जोडले गेले पण इंटरनेट नाही, असा संदेश आला तर राउटरला दोष देण्याआधी टीव्हीची तारीख आणि वेळ पाहावी. टीव्ही बराच काळ विजेविना राहिला की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. मग प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला चुकीचे वाटते आणि तो जोडणीच नाकारतो. तारीख आपोआप घेण्याचा पर्याय तात्पुरता बंद करावा, तारीख, वेळ आणि भारतीय वेळेचा विभाग हाताने भरावा आणि टीव्ही पुन्हा सुरू करावा. अनेक घरांत निव्वळ एवढ्यानेच काम होते.

खात्यात प्रवेश करताना टीव्हीवर पासवर्ड टाइप करू नये. बहुतेक ॲप पडद्यावर एक छोटा सांकेतिक क्रमांक किंवा क्यूआर कोड दाखवतात. मोबाइलने तो कोड स्कॅन करावा किंवा पडद्यावर दिसणारा पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा टाइप करून क्रमांक भरावा.

सावधान: हा पत्ता सर्चमध्ये शोधू नये. टीव्ही सक्रिय करून देतो असे सांगणारी बनावट पाने आणि बनावट हेल्पलाइन शोधयादीत वर दिसतात, आणि पुढे शुल्क मागितले जाते किंवा मोबाइलचा पडदा दूरून पाहणारे ॲप उतरवून घ्यायला सांगितले जाते. टीव्हीवरचा क्रमांक भरून खाते जोडण्याचे कोणतेही शुल्क नसते. कोणी पैसे घेतलेच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे. वेळ जितका कमी गेला असेल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

तपासणी: यूट्यूबवर एक व्हिडिओ दहा मिनिटे न थांबता चालला पाहिजे. तो चालला आणि दुसरे एखादे ॲप चालले नाही, तर दोष त्या ॲपचा किंवा त्याच्या वर्गणीचा आहे, इंटरनेटचा नाही.

## टप्पा ७: मोबाइल आणि लॅपटॉपचा उपयोग

मराठीत शोधायचे असेल तर टीव्हीच्या कळफलकाशी झगडू नये. मोबाइलवर नेहमीसारखे देवनागरीत टाइप करून व्हिडिओ शोधावा आणि कास्टची खूण दाबून तो टीव्हीवर पाठवावा. कास्ट करताना व्हिडिओ मोबाइलमधून जात नाही, टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून घेतो, म्हणून मोबाइल बाजूला ठेवून फोनही घेता येतो. संपूर्ण पडदा दाखवणे म्हणजे स्क्रीन मिररिंग ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मोबाइलवर येणारा प्रत्येक संदेश आणि ओटीपी टीव्हीवर दिसतो, तेव्हा पाहुणे बसलेले असताना सूचना बंद कराव्यात.

कास्टची खूण दिसत नसेल तर मोबाइल आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आहेत का ते पाहावे. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्क एका साधनाला दुसरे दिसू देत नाही. मोबाइलवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारी सोय, चालू असेल तरी हीच अडचण येते.

लॅपटॉप जोडताना टीव्हीचे इनपुट आधी निवडावे, केबल नंतर लावावी, आणि विंडोजवर विंडोजचे बटण व पी एकत्र दाबून डुप्लिकेट हा पर्याय घ्यावा. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून, असे झाले तर खालच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या खुणेवर आवाजाचे साधन म्हणून टीव्ही निवडावा. लांबून वाचता यावे म्हणून ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकची खूण दाबून पान दीडशे टक्क्यांपर्यंत मोठे करावे. सातबाऱ्यातल्या बारीक नोंदी घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसून वाचता येतात, हा या जोडणीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग आहे.

मोबाइलला टाइप-सी ते एचडीएमआय केबल लावण्यापूर्वी त्या मोबाइलचे पोर्ट चित्र बाहेर पाठवते का हे तपासावे. पोर्टचा आकार सारखा असला तरी स्वस्त मोबाइलमध्ये ही सोय बहुधा नसते, आणि मग कोणतीही केबल चालत नाही.

बँकेचे व्यवहार आणि यूपीआय टीव्हीच्या ब्राउझरवर कधीही करू नयेत. या ब्राउझरना अपडेट उशिरा मिळतात आणि पडदा सगळ्या घराला दिसत असतो.

## टप्पा ८: कुलूप आणि मर्यादा

खरेदीसाठी पिन लावणे हे पहिल्याच दिवशी करायचे काम आहे. एका बटणावर वर्गणी सुरू होते आणि रिमोट लहान मुलांच्या हाती असतो. सॅमसंगच्या टीव्हीवर मूळ पिन ०००० असतो, तो तसाच ठेवू नये. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. डेटा मर्यादित असेल तर नेटफ्लिक्सच्या खात्यात चित्राची प्रत कमी करता येते, आणि फायर टीव्हीवर डेटा मॉनिटरिंगमध्ये दर्जा आणि मर्यादा दोन्ही ठरवता येतात. स्वस्त टीव्हींची साठवण बरेचदा ८ जीबीच असते, त्यामुळे न लागणारी ॲप काढून टाकावीत.

## चालू असलेले बंद पडले तर

वीज जाऊन आली की टीव्ही लगेच सुरू होतो, पण फायबरचा डबा आणि राउटर उभे राहायला दोन-तीन मिनिटे घेतात. दरम्यान टीव्हीला नेटवर्क सापडत नाही आणि लोक पासवर्ड पुसून पुन्हा भरू लागतात. तसे करू नये. तीन मिनिटे थांबून टीव्ही बंद-चालू करावा. भारनियमनाच्या भागात राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेणे उपयोगाचे ठरते. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्यावेत.

तीन मिनिटांनीही चालले नाही तर इंटरनेट ज्या बाजूने घरात येते त्या बाजूने तपास सुरू करावा.

१. फायबरच्या डब्यावर एलओएस असे लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून सिग्नल येत नाही, बहुधा तार तुटली आहे. टीव्हीत काहीही करून उपयोग नाही, कंपनीला कळवावे.

२. दिवे ठीक असतील तर मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वाय-फायवर एखादे पान उघडावे. तेही उघडले नाही तर दोष राउटरचा किंवा प्लॅनचा आहे.

३. मोबाइलवर चालते, टीव्हीवर चालत नाही, असे असेल तर तारीख-वेळ पाहावी, मग टीव्ही किंवा स्टिक प्लगपासून काढून एक मिनिटाने लावावी. रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तो झोपेतून उठतो एवढेच.

४. एकच ॲप अडत असेल तर त्याची कॅशे, म्हणजे त्याने साठवलेली तात्पुरती माहिती, पुसावी, अपडेट करावे, आणि शेवटी ते काढून पुन्हा टाकावे.

फॅक्टरी रिसेट, म्हणजे टीव्ही नव्यासारखा कोरा करणे, हा उपाय या चारही उपायांनंतर येतो. त्याने सगळी खाती, पासवर्ड आणि मांडणी पुसली जाते आणि टप्पा ६ पासून पुन्हा सुरुवात करावी लागते. टीव्ही किंवा स्टिक विकताना, एक्स्चेंजमध्ये देताना किंवा भाड्याचे घर सोडून टीव्ही तेथेच ठेवताना मात्र तो न विसरता करावा, आणि त्यानंतर मोबाइलवरून गुगल, ॲमेझॉन व इतर खात्यांच्या साधनांच्या यादीत जाऊन त्या टीव्हीचे नावही काढून टाकावे.